चुलीमागचे रुपये : वाळवा तालुक्यातील एका घरात मेटल डिटेक्टर कसा लावला, आधी कसा चुकला

वाळवा तालुक्यातील कृष्णाकाठच्या एका गावात, गावठाणातले तीन खणांचे जुने घर पाडून सिमेंटचे घर बांधायचे ठरले, तेव्हा घरातल्या नव्वदीच्या आजींनी एकच अट घातली : स्वयंपाकघराची भुई तपासल्याशिवाय जेसीबीला अंगणात पाय ठेवू द्यायचा नाही. त्यांच्या सासूबाईंनी शेवटच्या दुखण्यात त्यांना सांगितले होते की, "चुलीच्या मागं, उतरंडीच्या बुडाला रुपये हायती." रुपये किती, कशात ठेवलेले आणि कोणत्या साली पुरलेले, यांपैकी काहीही आजींना ठाऊक नव्हते. मधल्या काळात चूल एकदा हलली होती, उतरंड केव्हाच मोडली होती आणि भुईवर शहाबादी फरशी आली होती. त्यामुळे "चुलीच्या मागं" म्हणजे नेमके कुठे, हे सांगू शकणारे कोणी उरलेले नव्हते.

नातवाने मला बोलावले, कारण आयटीआयमधून निवृत्त झाल्यावर पुरलेल्या केबली आणि लोखंडी पाइप शोधून देण्यासाठी मी एक मेटल डिटेक्टर बाळगून आहे. मला बोलावण्याआधी घरी एक महाराज येऊन गेले होते. पायाळू, म्हणजे पायाकडून जन्मलेल्या, माणसाच्या डोळ्यांत अंजन घातले की जमिनीतले धन दिसते, तेव्हा तसा माणूस आणतो, वर उताऱ्याचा खर्च वेगळा, असे त्यांचे म्हणणे होते. गुप्तधनाच्या नावाने चालणारे अघोरी प्रकार महाराष्ट्रात 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याच्या कक्षेत येतात, आणि ज्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी त्या कायद्यासाठी आयुष्य वेचले ते साताऱ्याचेच होते. आजींनी मात्र कायद्याचा आधार न घेताच त्या महाराजांना वाटेला लावले. "धन दिसत असतं तर ह्यो दारोदार हिंडला असता का," एवढेच त्यांनी विचारले.

सासूबाईंच्या बोलण्यात तथ्य असण्याची शक्यता मला पहिल्यापासून वाटत होती, कारण पुरण्याचा काळ आणि पुरण्याची कारणे एकमेकांशी जुळत होती. आजी लग्न होऊन या घरात आल्या त्या 1950 च्या सुमारास. त्याआधीच्या दहा वर्षांत हे गाव सातारा जिल्ह्यात होते. दक्षिण सातारा जिल्हा 1949 मध्ये वेगळा झाला आणि त्याला सांगली हे नाव 1960 मध्ये मिळाले. बेचाळीसच्या चळवळीनंतर क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार याच टापूत चालले, आणि त्याने हाती घेतलेल्या कामांत दरोडेखोरांचा बंदोबस्त हे एक मोठे काम होते, यावरून त्या वेळी दरोड्यांची धास्ती केवढी होती याचा अंदाज येतो. शिवाय 1940 मध्ये सरकारने रुपयातली चांदी निम्म्यावर आणली. त्याआधीच्या रुपयात शंभरात जवळजवळ 92 भाग चांदी असे आणि त्याचे वजन बरोबर एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, भरे. ज्याच्या हाती जुना बंदा रुपया होता त्याने तो खर्चायला न काढता जपून ठेवला, आणि ज्या घरात तिजोरी नव्हती तिथे जपून ठेवण्याची जागा म्हणजे चुलीमागची भुई होती.

खणण्यापूर्वी दोन गोष्टी करून घेतल्या. घराच्या उताऱ्यावर नावे असलेल्या सगळ्यांची, म्हणजे मुंबईला असलेल्या चुलत्यांचीही, लेखी संमती घेतली आणि जवळपास संरक्षित स्मारक नसल्याची खात्री केली.

पहिली फेरी आणि माझी चूक

माझे यंत्र साधे, एकाच फ्रिक्वेन्सीचे आहे. त्याच्या कॉइलमधून सेकंदाला साधारण सात हजार वेळा दिशा बदलणारे चुंबकीय क्षेत्र जमिनीत जाते, त्यामुळे धातूत भोवरा-प्रवाह निर्माण होतात, आणि त्या प्रवाहांचे उलट क्षेत्र दुसरी कॉइल पकडते. धातू विजेचा जितका चांगला वाहक, तितका हा परतीचा संकेत मूळ संकेताच्या मागे रेंगाळतो. चांदी सगळ्या धातूंत उत्तम वाहक आहे, म्हणून शून्य ते नव्व्याण्णवच्या पट्टीवर ती वरच्या टोकाला दिसते. खिळे तळाशी आणि गुटख्याच्या पुडीची चकाकी मध्ये कुठेतरी. कमी फ्रिक्वेन्सी चांदीसारख्या धातूंना मानवते, बारीक सोन्याला जास्त फ्रिक्वेन्सी लागते. एवढे ज्ञान घेऊन मी गेलो आणि ते चांदीविषयीचे ज्ञान होते, मातीविषयीचे नव्हते.

भाद्रपदाचा मध्य होता. परसात केळीच्या बुंध्यापाशी मोकळी जागा होती, तिथे मी ग्राउंड बॅलन्स केला, म्हणजे कॉइल जमिनीपासून वीतभर वर-खाली करत मातीचा आवाज यंत्राला ओळखायला लावला. सेन्सिटिव्हिटी जवळजवळ पूर्ण ठेवली. केरकचऱ्याचा त्रास नको म्हणून डिस्क्रिमिनेशन वाढवून 80 च्या खालचे सगळे गप्प केले. यंत्राच्या त्याच बांधणीवर मी परसातून थेट स्वयंपाकघरात गेलो. फरशीवर यंत्र आधी तडतडत राहिले, मग जुन्या चुलीच्या अंदाजाने दाखवलेल्या कोपऱ्यात अगदी मुके झाले. परसात दोन ठिकाणी 90 च्या वरचा खणखणीत संकेत आला. एका ठिकाणी पितळी पळी निघाली, दुसरीकडे डालड्याच्या डब्याचे झाकण. मोठा, चपटा पत्रा पुष्कळदा असा चांदीचा आव आणतो. आडव्या-उभ्या दोन्ही दिशांनी कॉइल फिरवली असती तर त्याचा आकडा भरकटताना दिसला असता, पण तेवढा धीर मला नव्हता. चार तासांनी मी "स्वयंपाकघरात काही नाही" असे सांगून मोकळा झालो.

आजी काही बोलल्या नाहीत. मला चहा दिला आणि पितृपंधरवडा लागतोय, त्यात घराला हात लावायचा नाही, असे नातवाला बजावले. पाडकाम घटस्थापनेपर्यंत थांबले, आणि त्या पंधरा दिवसांमुळेच हे प्रकरण पुढे सरकले.

माती का खोटे बोलत होती

घरी आल्यावर मला ते मुकेपण खटकत राहिले. यंत्र रिकाम्या जागी शांत असते, तिथे हरकत नाही. पण खिळ्या-मोळ्यांनी भरलेल्या जुन्या घराच्या भुईत ते मुके होते म्हणजे ते ऐकतच नव्हते. शेतकऱ्यांच्या बोलीत जमिनीचे दोन भाग असतात, पिकाची ती काळी आणि वस्तीची ती पांढर. पांढरीत शेकडो वर्षांची राख, विटांचा चुरा, खिळे, बिजागऱ्या आणि बैलांच्या खुरांना मारायच्या पत्र्या मिसळलेल्या असतात. (प्रतिसरकारला लोक पत्री सरकार म्हणू लागले ते गुन्हेगारांच्या तळव्यांना याच पत्र्या ठोकल्याच्या कथांमुळे.) मी काळीवर बॅलन्स केलेले यंत्र पांढरीत नेले होते, आणि पांढरीतही जिथे माती सर्वात बिघडलेली असते त्या जागी, चुलीपाशी.

आपल्याकडची माती काळ्या बेसाल्टच्या झिजेतून झालेली असल्याने तिच्यात लोहाची खनिजे मुळातच भरपूर आहेत. चुलीखाली तीच माती वर्षानुवर्षे भाजली जाते. धूर आणि राखेच्या सान्निध्यात तापताना तिच्यातल्या लोहखनिजांचे रूप बदलते आणि ती कितीतरी जास्त चुंबकीय होते. हे मी पुस्तकाच्या भरवशावर न ठेवता दुसऱ्या फेरीत तिथल्या तिथे पाहिले. जुन्या स्पीकरचा लोहचुंबक प्लॅस्टिकच्या पिशवीत गुंडाळला आणि परसातल्या कोरड्या मातीत फिरवला, तर पिशवीवर बारीकशी काळी लव आली. कोपऱ्यातली एक फरशी उचलून खालच्या तांबूस-काळ्या मातीत फिरवला, तर बोटाच्या पेराएवढी दाढी लोंबू लागली. नातू म्हणाला, "सर, हे तर लोखंडच आहे." जवळपास तसेच होते. यंत्राच्या दृष्टीने त्या कोपऱ्यातली माती हाच एक प्रचंड धातूचा ठोकळा होता. तिचा संकेत इतका मोठा की, त्याखाली एखादा रुपया बोलला तरी ऐकू येणार नाही, आणि मी 80 च्या खालचे सगळे बंद केल्याने मातीची ही आरडाओरडही मला ऐकू आली नव्हती.

दुसरी बांधणी

या खेपेस आधी विजेचा मुख्य खटका बंद केला, इन्व्हर्टर बंद केला, सगळ्यांचे मोबाइल शेजारच्या ओसरीवर ठेवायला लावले. कॉइलची वायर दांडीभोवती घट्ट गुंडाळली. ती सैल राहिली तर हलताना खोटे आवाज देते आणि नवशिक्याला ते धन वाटते. मोठी 28 सेंटिमीटरची कॉइल काढून 15 सेंटिमीटरची लावली. लहान कॉइल स्वच्छ जमिनीत कमी खोल पाहते हे खरे, पण ती एका वेळी मातीचा लहानच गोळा पाहते, त्यामुळे बिघडलेल्या मातीत आणि खिळ्यांच्या गर्दीत मोठीपेक्षा तिचे ऐकणे स्वच्छ असते.

ग्राउंड बॅलन्स चुलीच्याच कोपऱ्यात करायचा होता, पण त्यासाठी धातू नसलेली हातभर जागा सापडायला अर्धा तास गेला. सापडल्यावर आकडा आला 84. परसात तोच 62 होता. माझ्या यंत्रात हा आकडा जितका मोठा तितकी माती चुंबकीय. सेन्सिटिव्हिटी कमी करत करत अशा ठिकाणी आणली की, कॉइल जमिनीवर स्थिर धरल्यावर तडतड थांबली, म्हणजे निम्म्याहून किंचित वर. सेन्सिटिव्हिटी हा कंदिलाच्या वातीसारखा प्रकार आहे : फार वर केली की उजेड वाढत नाही, काच काजळते. डिस्क्रिमिनेशन पूर्ण काढून टाकले. लोखंडाला खालचा सूर, मधल्याला मधला, वरच्याला वरचा, असे तीन सूर ठेवले आणि गाळण्याचे काम कानावर सोपवले.

त्यानंतर मला खरा रुपया हवा होता. आजींनी देव्हाऱ्यातून लक्ष्मीपूजनाचे दोन रुपये काढून दिले, एक 1862 चा राणीछाप, दुसरा 1944 चा सहाव्या जॉर्जचा. हवेत धरून पाहिले तर राणीछाप 89 वर स्थिर राहिला, आणि जॉर्जचा 74 वर. दोन्ही आकाराने आणि वजनाने सारखेच, पण दुसऱ्यात चांदी निम्मीच. उरलेल्यात तांबे, निकेल आणि जस्त, आणि अशी सरमिसळ वीज वाहण्यात मार खाते. पहिल्या फेरीत मी 80 च्या खालचे गप्प केले होते, म्हणजे 1940 नंतरचा एकही रुपया मला कधीच ऐकू आला नसता.

राणीछापाला जाड दोरा चिकटवून तो त्या कोपऱ्यात वेगवेगळ्या खोलीवर पुरून पाहिला. 15 सेंटिमीटरपर्यंत आडवा-उभा दोन्हीकडून सूर लागला, 18 वर एकाच दिशेने, त्याखाली काही नाही. जॉर्जचा 12 वरच संपला. ताज्या उकरलेल्या मातीत पुरलेले नाणे आणि ऐंशी वर्षे दबलेले नाणे एकसारखे वागत नाही, तरीही यंत्राची नजर किती पोहोचते याचा हाताला लागणारा अंदाज मिळाला, आणि पुढचा सगळा निर्णय त्या 12 सेंटिमीटरवर घेतला. फरशीवरून शोधण्यात अर्थ नव्हता. भुई 8 सेंटिमीटरच्या थराने उतरवायची, प्रत्येक थरानंतर पुन्हा बॅलन्स करून पुन्हा ऐकायचे, असे ठरले.

भुई उतरवताना

फरशी आणि तिच्याखालचा मुरूम मिळून 9 सेंटिमीटर गेले. त्याखाली जे दिसले ते पाहण्यासारखे होते : खुरप्याने उभा काप घेतला तर शेणाने सारवलेल्या भुईचे पापुद्रे एकावर एक, तपकिरी, कागदासारखे, मधूनमधून चोपण्याने ठोकून बसवलेल्या नव्या मातीचा जाड पट्टा. आजी उंबऱ्यात पाट घेऊन बसल्या होत्या. त्यांनी एका पिवळसर पट्ट्याकडे बोट करून सांगितले की, ही माती नदीच्या डगरीवरून त्यांनी स्वतः डोक्यावरून आणली होती, थोरल्या मुलीच्या लग्नात. ते लग्न 1971 चे. त्या एका वाक्याने आम्हाला खोलीचे कॅलेंडर मिळाले. आम्हाला हवी असलेली भुई त्या पट्ट्याच्या बरीच खाली होती.

दिवसभरात सत्तावीस पत्र्या-खिळे, एक बिजागरी, तांब्याचे दोन ढबू पैसे आणि एक मोडके अडकित्त्याचे पाते निघाले. फरशीपासून 25 सेंटिमीटर खाली गेल्यावर विटकरी रंगाचा भाजलेला गोल उघडा पडला. ही मूळ चूल होती, आणि ती घरच्यांनी दाखवलेल्या जागेपासून चांगली पाच फूट दूर, आतल्या भिंतीकडे होती. तिच्यामागे, भिंतीला लागून, वीतभर रुंदीचा एक उथळ गोल खळगा दिसला. उतरंडीतल्या सर्वात खालच्या रांजणाचे बूड बसवायला असाच खळगा करतात, हे आजींनी आम्ही विचारायच्या आधीच ओळखले.

खळग्यात संकेत आला तो 81 चा, पण 76 ते 86 यांमध्ये हेलकावे खाणारा. दोन्ही चाचणी-रुपयांपैकी एकाशीही तो जुळत नव्हता. तरी दोन गोष्टी त्याच्या बाजूने होत्या : कॉइल नव्वद अंशांत वळवूनही सूर वरचाच राहिला, आणि पिनपॉइंटवर, म्हणजे नेमकी जागा दाखवणाऱ्या सोयीवर, तो पसरट न होता मुठीएवढ्या जागेत बसला. पत्रा असता तर वळवताच तो मोडला असता. वेगवेगळ्या कसाची नाणी एकमेकांवर तिरपी पडली असतील तर आकडा असाच सरासरीत डोलतो, असा मी तर्क केला. कुदळ बाजूला ठेवली आणि खुरप्याने, मग हाताने माती काढली. 6 सेंटिमीटरवर मातीच्या लोटक्याचा तुटका गळा लागला, आणि त्यात हिरवट गंज चढलेली एक कड.

तिथेच थांबलो. नातवाचा हात पुढे आला होता, तो मी धरला, आणि या प्रकरणात मी बरोबर केलेल्या मोजक्या गोष्टींत ही पहिली मानतो. जागेचे मोजपट्टीसह फोटो काढले, दोन भिंतींपासून अंतर लिहून घेतले, आणि पोलीस पाटील व तलाठ्यांना निरोप धाडला. पंचांसमोर लोटके मोकळे केले तेव्हा त्यातून तेवीस रुपये निघाले : राणीचे नऊ, सातव्या एडवर्डचे पाच, पाचव्या जॉर्जचे सहा आणि सहाव्या जॉर्जचे तीन. तोवर दारात जमलेल्या मंडळींपैकी एकाने "डुकराचा रुपया हाय का बघा" असे ओरडून विचारले. 1911 च्या रुपयावर राजाच्या झग्यावरचा हत्ती डुकरासारखा दिसतो म्हणून लोकांनी कुरकुर केली आणि पुढच्या वर्षी तो ठसा बदलला, ती आठवण गावात अजून आहे. तो रुपया यात नव्हता.

गंजाचा हिरवेपणा निम्म्या चांदीच्या तीन रुपयांतल्या तांब्याचा होता, आणि तो शेजारच्या नाण्यांनाही लागला होता. आजींना ते चिंचेने घासून लख्ख करायचे होते. मी हात जोडून नको म्हटले. घासलेल्या नाण्यावरचा ठसाही जातो आणि पुराव्याची किंमतही.

पुराव्याची किंमत इथे नुसती म्हणण्यापुरती नव्हती. सर्वात अलीकडचा रुपया 1942 चा होता, म्हणजे लोटके त्याआधी पुरले जाणे शक्य नाही. आणि 1971 च्या पट्ट्याखालच्या भुईत ते होते, म्हणजे त्यानंतरही नाही. भारतीय निखात निधी अधिनियम 1878 चा आहे आणि त्यात जमिनीत लपवलेली कोणतीही मोलाची वस्तू येते, स्वतःच्या घरातली असली तरीही. दहा रुपयांहून अधिक मोलाचा ऐवज सापडला की सापडणाऱ्याने त्याचे स्वरूप, अंदाजे किंमत, जागा आणि तारीख जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवायची आणि ऐवज जवळच्या सरकारी कोषागारात जमा करायचा किंवा त्याबद्दल तारण द्यायचे. न कळवल्यास वाटा जातो, आणि एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. जिल्हाधिकारी जाहीर नोटीस काढतात आणि हक्क सांगणाऱ्यांना चार ते सहा महिन्यांमधल्या एका दिवशी बोलावतात. ऐवज शंभर वर्षांच्या आत दावेदाराने किंवा त्याच्या पूर्वजाने पुरला असे मानायला जागा असेल, तर दिवाणी न्यायालयात हक्क शाबीत करायला मुदत मिळते. तसा मालक कोणी नाही असे ठरले, तर सापडणारा आणि जागेचा मालक यांच्यात वाटणी होते, आणि आपसात करार नसेल तेव्हा तीन चतुर्थांश सापडणाऱ्याकडे जातात. सरकारला ऐवज हवा असेल तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश जास्त देऊन ते तो घेऊ शकते. या घराचा दावा पूर्वजाचा होता, म्हणून 1942 चा तो हिरवा रुपया आणि डगरीच्या मातीचा पट्टा, हे दोन्ही पंचनाम्यात आले पाहिजेत असा मी आग्रह धरला. सापडणारा म्हणून माझा काही हक्क नाही, असे मी पहिल्या दिवशीच लिहून दिले होते.

तलाठ्यांनी पंचनामा लिहिताना नाण्यांची संख्या चोवीस लिहिली. पुन्हा मोजली तरी चोवीसच भरली. सगळ्यांची तोंडे पाहण्यासारखी झाली असताना आजींनी थाळीतला एक रुपया उचलून त्याला चिकटलेला दोरा दाखवला. माझा चाचणीचा राणीछाप गडबडीत त्या राशीत जाऊन बसला होता. आकडा खोडून तेवीस केला, खोडीवर पंचांनी सह्या केल्या, तेवीस रुपये मोहोरबंद होऊन उपकोषागारात गेले आणि दोऱ्यासकट तो एक परत देव्हाऱ्यात.